मालगुजार मेल्यानंतरची सकाळ
(झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटककारांना खुलं पत्र)

नाटककार मित्रहो,

मी तेवीस हंगाम मेलो. कधी कुऱ्हाडीनं, कधी विषानं, एकदा विहिरीत ढकलून, आणि बहुतेक वेळा नायकाच्या म्हाताऱ्या आईच्या हातच्या विळ्यानं. वेळ साधारण पहाटे साडेचारची. मंडपात तणसावर घोंगड्या-चादरी पांघरून बसलेले लोक तोवर निम्मे पेंगलेले असायचे, पण मी मरताना सगळे जागे होत. शिट्ट्या, टाळ्या आणि मनापासून दिलेल्या शिव्या. एका गावात एका आजीनं चप्पल फेकून मारली, ती मी जपून ठेवली आहे. एकच आहे. दुसरी मागायची हिंमत झाली नाही. गावाचा मालक असलेला मालगुजार, सावकार, पाटील, पुढे ठेकेदार, मग आमदार. पात्राचं नाव बदलत गेलं, चिकटवायची मिशी तीच राहिली.

आता गुडघे धरतात म्हणून मरणं थांबवलं आहे. शिक्षकी करून निवृत्त झालो. गाव अर्जुनी-मोरगावच्या बाजूला, घरामागं तलाव आणि तलावामागं झाडी. हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे: वडशाच्या नाटक कंपन्यांसाठी लिहिणाऱ्या जाणत्यांना, गावच्या मंडळासाठी दर मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, एक संहिता जुळवणाऱ्यांना, आणि ज्यांना अजून मिशाही फुटल्या नाहीत त्या पोरांना तर खासच. माझी तक्रार एकच आहे आणि ती माझ्या मरणाबद्दल आहे. तुम्ही मला मारता आणि लगेच पडदा पाडता.

निमित्त सांगतो. गेल्या पावसाळ्यात, धानाची रोवणी आटोपल्यावर, एक तरुण लेखक नवी संहिता वाचून दाखवायला घरी आला. नाटक पुढच्या काळातलं. सगळी झाडी एका कंपनीच्या मालकीची झालेली. तलाव, बोड्या म्हणजे लहान तळी, वैनगंगा आणि चुलबंद नद्या, सगळं तिचं. माणसांना नावं नाहीत, मनगटावर नंबर. घोटभर पाणी हवं तर अंगठा लावायचा, आणि जो जास्त बोलेल त्याचा अंगठा दुसऱ्या दिवशी चालत नाही. आभाळात ड्रोन घिरट्या घालतात. शेवटी एक ढिवराची, म्हणजे मासेमाराची, पोर कंपनीच्या मोठ्या यंत्रात टोपलीभर चिखल ओतते, यंत्र जळतं, मालक मरतो, तांबडं फुटतं, पडदा. चिखल ओतायची कल्पना मला फार आवडली. तसं त्याला सांगितलंही. मग विचारलं, "मंग सकारी का होते गा?"

"सकारी? सकारी लोक घरी जातेत जी. नाटक खतम."

"बघणाऱ्यांचं नाही विचारत. नाटकातल्या माणसांचं विचारतो. तहान लागेल ना त्यांना? पाणी कोण सोडेल?"

तो हसला. म्हणाला, "सर, तुम्ही शिक्षकच रायले." चहा पिऊन गेला. राग नाही, पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना, कारण आमच्या घरात तो प्रश्न सत्तर वर्षांपासून पडून आहे.

माझा आजा पाणकर होता. तुमच्यातल्या शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो: तलावाचं पाणी बांध्यांना, म्हणजे धानाच्या शेतांना, वाटून देणारा माणूस तो पाणकर. तुडुम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, कधी उघडायचं, किती उघडायचं, आधी कुणाची बांधी भिजवायची, हे तो ठरवी. बदल्यात खळ्यावर घरोघरचं धान मिळे, ठरलेल्या पायल्या. पावसाळ्यात रात्री-बेरात्री पाळीवरून, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावरून, चालत जाऊन सलंगावरून किती पाणी वाहतं ते तो बघून येई. सलंग म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी निघून जायची वाट. ती तुंबली तर पाळ फुटते आणि पाळ फुटली तर गाव उपाशी.

हे तलाव मालगुजारांनी बांधले असं आपण म्हणतो, कारण सरकारी कागदात त्यांचं नाव 'माजी मालगुजारी तलाव' आहे आणि आपण लाडानं 'मामा तलाव' म्हणतो. खरं म्हणजे त्यातले पुष्कळ मालगुजारीच्याही आधीचे. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला गाव दिलं, आणि तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्यानं जेवढी जमीन भिजेल तेवढी जमीन दिली, असं सांगतात. कोहळी लोकांनी मग झाडीभर तलाव काढले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळीनं बांधल्याची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे, त्यावर दंडारीतही, म्हणजे आपल्या लोकनाट्यातही, गाणी ऐकली असतील. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा थोडा भाग मिळून असे सहा हजारांवर तलाव आहेत. इंग्रजांनी नागपूरचं राज्य १८५४ मध्ये खालसा केलं आणि १८६० नंतरच्या बंदोबस्तात सारा गोळा करणाऱ्या पाटलांना गावाचं मालकच करून टाकलं. ते मालगुजार. तलाव जुने, मालक नवे.

मालकी हातात आली आणि सोबत कोरडा, म्हणजे चाबूक, आला. बेगार आली. पाळीवर माती टाकायला जायचंच, पण तेवढ्यावर थांबत नसे. मालगुजाराच्या घरच्या शेतात, त्याच्या सीरमध्ये, आधी नांगर चालवायचा, त्याची रोवणी झाली की मग आपली. त्याच्या पोरीच्या लग्नाला लाकडं फोडायची. वाड्यासमोरून जाताना पायातल्या वहाणा हातात. काही तलावांवर तर आधी त्याची बांधी भिजे, मग त्याच्या सोयऱ्यांची, आणि महारवाड्याच्या वाट्याला आलं तर आलं. तुमच्या नाटकात हे सगळं असतं आणि ते खरंच आहे. मी त्या भूमिका करताना आजाला विचारून बारकावे घ्यायचो. कोरडा कसा धरायचा हे मला ज्यानं तो खाल्ला त्यानं शिकवलं.

मग तो दिवस आला. तुमच्या नाटकात जो पहाटे साडेचारला येतो. आपल्याकडे त्याला तारीख आहे: ३१ मार्च १९५१. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो, राजधानी नागपूर होती, आणि १९५० च्या कायद्यानं त्या दिवशी मालगुजारी संपली. घरची शेती मालगुजारांकडे राहिली; गावचं जंगल, पडीत आणि गावाचा ओलिताचा हक्क असलेले तलाव सरकारजमा झाले. आजा सांगे, डफ वाजला, पोरांनी गुलाल उधळला, आणि तो स्वतः त्या संध्याकाळी वाड्यासमोरून वहाणा घालून गेला. काही काम नव्हतं तिकडे. गेला आणि परत आला. मग पुन्हा एकदा गेला.

इथे तुमचा पडदा पडतो. आता पुढचं ऐका.

चैत्र गेला, वैशाख आला. तलाव आटला, पोटातली भुई भेगाळली. दर वर्षी या दिवसांत घरटी एक माणूस टोपली-फावडं घेऊन पाळीवर जाई. जमीन जास्त त्याची माणसं जास्त. गाळ काढायचा, पाळीवर टाकायचा, उंदरा-घुशींची बिळं बुजवायची, सलंग मोकळा करायचा. त्या वर्षी आजानं घरोघरी जाऊन सांगितलं. कुणी आलं नाही. "आता कायची बेगार? राज गेला ना त्याचा," असं लोक म्हणाले. कुणी म्हणालं, तलाव आता सरकारचा, सरकार करेल. आजा एकटाच चार दिवस माती टाकत होता. पाचव्या दिवशी त्याच्याच बायकोनं, म्हणजे माझ्या आजीनं, टोपली हिसकावून घेतली. म्हणाली, मालगुजार मेला तरी तुझा कोरडा काही सुटला नाही.

पाच-सहा पावसाळ्यांनी सलंगाजवळ पाळ फुटली. त्या वर्षी आमच्या गावात धान झालं नाही.

म्हातारपणी आजा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोले, ती त्याच्याच बोलीत लिहितो: "कोरडा मालगुजाराचा होता, पार आपली होती. लोकायनं दोनी एकाच दिवशी फेकून देल्ले." पार म्हणजे पाळ.

मित्रहो, मला त्या लोकांना दोष द्यायचा नाही. ज्यानं जन्मभर टोपली आणि कोरडा एकत्रच पाहिला, त्याला ती दोन वेगळी आहेत हे कळणार कसं? ते वेगळं करून दाखवायचं काम कुणाचं होतं? पुढाऱ्यांचं होतं, मास्तरांचं होतं, आणि माझं म्हणणं असं की तुमचंही होतं. त्या काळापासून आजवर झाडीत किती नाटकं झाली असतील! मालगुजार त्यातल्या अर्ध्यांत मेला असेल. पण तो मेल्यावर पुढच्या वैशाखात पाळीवर कोण गेलं, हे मी तरी एकाही नाटकात पाहिलं नाही.

मधल्या काळाचं थोडक्यात उरकतो, कारण त्यात नाट्य कमी आणि फायली जास्त. १९६० मध्ये आपण महाराष्ट्रात आलो, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, लहान तलाव त्यांच्याकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. मासळीचे ठेके ढिवरांच्या सोसायट्यांकडे. तलावाचं पाणी एकाचं, त्यातली मासळी दुसऱ्याची, पोटातली जमीन तिसऱ्याची. बापजाद्यांनी खोदलेल्या तलावावर पाणीपट्टी कसली, हा वाद मी लहानपणापासून ऐकत आलो. निस्तारपत्रकात आमच्या गावाचे हक्क नीट लिहिलेले आहेत: जळण कुठलं, गुरं कुठं चारायची, पाणी कुणाला. मी ते कागद वाचले आहेत. हक्क पानभर आहेत. टोपली कुणी उचलायची त्याची एक ओळ नाही. मधल्या काळात १९८८ मध्ये वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाचा पाया घातला गेला, तेव्हा मी कॉलर ताठ ठेवून पोरांना शिकवत होतो की आता तलावांची गरजच उरणार नाही. माझी नातवंडं शाळेत गेली, गोसीखुर्दचं काम चालूच आहे, आणि तलावात गाळ आणि बेशरमीची झुडपं. बेशरम हे त्या झाडाचं नाव आहे, शिवी नाही. तरी दर वेळी लिहिताना शिवी दिल्यासारखं बरं वाटतं.

अलीकडे शहरातून माणसं येतात, तलाव बघतात आणि उसासा टाकतात: मालगुजारीत किती सुंदर व्यवस्था होती! तुम्ही त्या मोहात पडू नका. तेवीस वर्षं ती मिशी मी ओठावर चिकटवली आहे, त्या व्यवस्थेचा वास मला माहीत आहे. त्यात कामाची शिस्त होती हे खरं, पण ती ज्याच्या पाठीवर होती त्याला पाणीवाटपात आवाज नव्हता. बायांना तर नव्हताच. रोवणी त्या करत, पाणी पुरुष वाटत. पुन्हा तेच उभं करायचं असेल तर मला मारायची गरज काय होती?

म्हणजे दोन्ही बाजूंनी फसगत. एक म्हणतो, राजा मेला की सगळं आपोआप चांगलं होतं. दुसरा म्हणतो, राजा होता तेव्हाच चांगलं होतं. या दोघांच्या मधे जी सकाळ आहे ती लिहायला कुणी बसत नाही.

"पण सर, त्यात नाटक कुठं आहे? मीटिंगांचं नाटक कोण बघेल?" असं तो तरुण जाताना म्हणाला होता. त्याला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता देतो. आमच्याच गावची गोष्ट आहे.

आमच्या तलावात शेतकऱ्यांना पाणी हवं आणि ढिवरांना मासळी. दोघांची गरज खरी. कार्तिकात भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, धानाला शेवटचं पाणी लागतं. नाही मिळालं तर लोंब पोचट. काही जण त्यापुढं उन्हाळी धान घेतात, त्यांना तर तलाव तळापर्यंत उपसावासा वाटतो. तिकडे ढिवरांनी पावसाळ्यात सोडलेलं बोटुकलं, म्हणजे माशांची पिल्लं, उन्हाळ्यापर्यंत वाढायचं असतं. पाणी गेलं की वर्षाची कमाई चिखलात तडफडते. जुन्या काळी हा तंटा नव्हता, कारण ढिवरांना विचारत कोण होतं?

तीन वर्षं भांडणं झाली. ग्रामसभेत खुर्च्या उडाल्या, एकदा मासळीची टोपली सरपंचाच्या टेबलावर रिकामी झाली. शेवटी एका ढिवर बाईनं, तिचं नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही, तोडगा काढला. तुडुमाच्या आतल्या बाजूला एक दगड बसवायचा. पाणी त्या दगडाच्या डोक्यापर्यंत उतरलं की तुडुम बंद; खालचं पाणी मासळीचं, गुरांचं आणि पाखरांचं. दगड किती उंचीवर बसवायचा यावर आणखी एक उन्हाळा गेला. शेवटी बसला.

दोन वर्षं नीट गेली. तिसऱ्या वर्षी पाऊस ओढला. दगड उघडा पडला आणि भारी धान उभं वाळत होतं. एका रात्री कुणीतरी तुडुम उघडलं. सकाळी ढिवरांच्या बाया पाळीवर उभ्या होत्या, खाली मरळ उड्या मारत होती, आणि बांध्यांमध्ये चकाकतं पाणी.

तुडुम उघडणारा माझा सख्खा धाकटा भाऊ होता. पाणकराचा नातू.

आता सांगा, पुढे काय? मालगुजार असता तर कोरडा होता. पोलिसांत दिलं असतं तर केस वर्षानुवर्षं चालली असती आणि गाव दोन भागांत फाटलं असतं. ग्रामसभा रात्री अकरापर्यंत चालली. काही शेतकरी त्याच्या बाजूनं होते, कारण त्यांचीही बांधी त्या पाण्यानं भिजली होती. मी उठून काय बोलू हे मला कळेना, आणि मी मंचावर हजार-हजार लोकांसमोर बोललेला माणूस. ठरलं ते असं: नुकसानीपोटी त्यानं ढिवरांच्या सोसायटीला धान द्यायचं, आणि पुढचं वर्षभर तुडुमाची राखण त्यानंच करायची. काही लोक हसले. चोराच्या हाती किल्ली! पण किल्ली त्याच्याकडे गेली. वर्षभर तुडुम हललं नाही. धान मात्र त्यानं निम्मंच दिलं. उरलेलं अजून वहीत बाकी आहे, दर ग्रामसभेत वाचून दाखवतात, आणि दिवाळीला आमच्याकडे जेवायला आला की तो विषय कुणी काढत नाही.

यात नाटक नाही? तुमच्या तिसऱ्या अंकाला याहून काय हवं?

खलनायक कोण, असं विचाराल. माझ्यासारख्या नटाची रोजी त्यावर अवलंबून आहे, म्हणून विचार करून ठेवला आहे. राज्य उलथल्यानंतरच्या नाटकात खलनायक बाहेरून येत नाही, तो नायकाच्याच घरातून निघतो. आमच्याकडे 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ मध्ये आली तेव्हाचं सांगतो. योजना चांगली. तलावात जेसीबी उतरला, आम्ही नारळ फोडला. पण गाळ नेणार कशानं? ज्याच्या घरी ट्रॅक्टर तो नेणार. ट्रॅक्टर असलेल्यांच्या बांध्या काळ्याभोर झाल्या, एक-दोन एकरवाले पाळीवर उभं राहून बघत राहिले. आणि समितीचे अध्यक्ष कोण होते? ज्यांनी तरुणपणी ठेकेदाराविरुद्ध मोर्चा काढला होता, ज्यांच्यावरून मी एक भूमिका उचलली होती, तेच. वाईट माणूस नाही. त्यांना वाटलं, आपण इतकं केलं, चार ट्रॉल्या जास्त नेल्या तर काय बिघडलं. मी ज्या मिशीनं तेवीस वर्षं मेलो ती त्या दिवशी मला त्यांच्या ओठावर दिसली. अगदी बारीक, अजून फुटायची होती.

जेसीबीनं आणखी एक केलं. गाळासोबत देवधान गेलं, कमळं गेली, पाण्याखालचं गवत गेलं. तलाव स्वच्छ दिसायला लागला, पहिल्यांदा ताटासारखा सपाट. पुढच्या वर्षी देशी मासळी अंडी घालायला जागा शोधत राहिली. आमच्याच तालुक्यात ढिवर समाजाच्या लोकांनी, त्यातही बायांनी, काही तलावांमध्ये वेगळी वाट धरली आहे: उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटायची, तलावाचं पोट नांगरायचं आणि पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात उतरून पाणवनस्पतींची रोपं एकेक करून लावायची. धानाची रोवणी करावी तशी तलावाची रोवणी. तिथे देशी मासे परत आले, पाखरं परत आली. मंचावर पाच बाया वाकून पाण्यात रोपं लावताहेत, एक गाणं म्हणते, बाकीच्या धरतात; सांगा, या दृश्याला लावणीच्या नाचाची गरज पडेल?

गडचिरोलीकडे बघा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाची घोषणा तुम्ही ऐकली आहे: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. २००९ मध्ये त्यांना वनहक्क कायद्यानं अठराशे हेक्टरवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. ज्या जंगलात काल माणूस काडी उचलली तरी चोर ठरत होता, तिथे आज गाव मालक. त्यावर नाटक लिहायचं तर तुम्ही परवाना हातात आल्याच्या दृश्यावर थांबाल, मला माहीत आहे. पण मेंढ्याचं खरं काम त्या दिवसाच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं आणि नंतरही चालू राहिलं: बसायचं, बोलायचं, बहुमतानं रेटायचं नाही, एकाचा जरी विरोध असला तरी पुन्हा बसायचं. निर्णयाला वेळ लागतो. लागू दे. बहुमतानं घेतलेल्या निर्णयात हरलेले लोक घरी जाऊन गप्प बसतात आणि एका रात्री तुडुम उघडतात, हे मी माझ्या घरात पाहिलं आहे.

आणि पाचगाव. चंद्रपूर जिल्ह्यात, गोंडपिपरीकडे. २०१२ मध्ये हजारावर हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. पुढे या गावानं ठरवलं की तेंदूपत्ता तोडायचाच नाही. तेंदूपत्ता म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात हातात पडणारा रोख पैसा, हे तुम्हाला सांगायला नको. पण पत्ता चांगला यावा म्हणून झाडं छाटतात, आगी लावतात, फळ धरत नाही. गावानं पैसा सोडला आणि झाड ठेवलं, बांबूवर भागवू म्हणाले. त्या बैठकीतला एखादा माणूस डोळ्यासमोर आणा, ज्याच्या घरी आषाढात पोरीचं लग्न आहे आणि ज्यानं पत्त्याच्या पैशाचा हिशेब मनात मांडून ठेवला आहे. तो हात वर करण्याआधी किती वेळ बसून राहतो? तेवढ्या वेळात मला एक अख्खं स्वगत द्या.

माझ्या त्या तरुण मित्राच्या नाटकाकडे परत येतो. यंत्र जळलं. मनगटावरचे नंबर पुसता येत नाहीत, गोंदलेले आहेत. पहिल्या सकाळी लोक तलावाकडे धावतील. सगळे एकदम. कुणी ड्रम भरून घेईल, कुणी मोटार लावेल. कंपनीचा एक साधा पंप चालवणारा कामगार असेल, त्यालाच फक्त माहीत आहे की कोणतं चाक कुठं फिरवायचं. त्याला मारायचं की विचारायचं? ज्या पोरीनं चिखल ओतला तिला लोक खांद्यावर घेतील आणि म्हणतील, आता तूच पाणी वाट. ती हो म्हणाली तर नाटक एक, नाही म्हणाली तर दुसरं. मला नाही म्हणालेली आवडेल. आणि कंपनीच्या काळात ज्यानं शेजाऱ्याच्या चुगल्या करून स्वतःचं पाणी वाढवून घेतलं, त्याचं घर तिथंच आहे, त्याची लेकरंही तहानलेली आहेत. त्यांना रांगेत उभं राहू द्यायचं का? इथून पुढचं सगळं लिहा ना. ड्रोनचा खर्चही वाचेल.

विनोदी नटाला चिटणीस करा, वही घेऊन फिरणारा, कुणाचे किती दिवस भरले आणि कुणाचे बाकी आहेत ते मोठ्यानं वाचणारा. लोक हसतील आणि आपापल्या गावचे बाकीदार आठवतील. म्हाताऱ्या आईच्या हातातला विळा काढून घेऊ नका, पण तिला एकदा तो गवत कापायलाही वापरू द्या. आणि लांबी वाढेल याची काळजी करू नका. आपले प्रेक्षक रात्रभर बसतात, हे भाग्य नागपूरच्या नाटकवाल्यांना नाही. नाही तरी हल्ली वाघाच्या भीतीनं लोक उजाडल्याशिवाय मंडपातून उठत नाहीत. मी साडेचारला मेलो तर दीड तास हाताशी आहे.

एक अडचण मला दिसते आणि ती मान्य करतो. कंपन्यांना टाळी हवी असते आणि टाळी मरणाला मिळते. रोपं लावणाऱ्या बायांना टाळी मिळेल की नाही याची खात्री मी देऊ शकत नाही. पण ज्या गावात आम्ही नाटक करतो त्या गावाच्या मागं बहुधा एक तलाव असतो, आणि पहाटे घरी जाताना लोक त्याच्याच पाळीवरून जातात.

भाऊबीजेला हंगाम सुरू होतो, त्याला अजून वेळ आहे. कुणी असं काही लिहायला घेतलं तर माझ्याकडे वाचायला आणा. ओसरीवर तणस टाकून बसू, चहाचं बघू, निस्तारपत्रकाची नक्कल आणि आजाच्या सांगण्यावरून मी लिहून ठेवलेली वहीही दाखवतो. त्यात तुडुम कसं उघडतात त्याची चित्रं आहेत, मंचावर चुकलं तर आमच्याकडचे प्रेक्षक तिथंच ओरडतात. मला काम द्यायचं असेल तर या वेळी पाणकराचं द्या. संवाद कमी असले तरी चालतील, आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत जातो. टोपली मात्र खरी आणि भरलेली हवी. रिकामी टोपली उचलली की खांद्यावरून लगेच कळतं.

तुमचा,
एक निवृत्त मालगुजार